मँड्रेकची रोजची पट्टी पुन्हा जुळवताना

मागच्या नोंदीत मराठी इंद्रजाल कॉमिक्समधले जादूगार मँड्रेकचे अंक वेगळे काढल्याचं लिहिलं होतं. आता कामाला खरी सुरुवात झालीय. नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. इंद्रजालमधल्या मँड्रेकच्या गोष्टी मुळात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज दोन-तीन चौकटींची एक चित्रपट्टी अशा छापून यायच्या. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजालमध्ये त्याच पट्ट्यांच्या चौकटी कापून, पानाच्या मापात बसवून, वर रंग चढवून पुस्तक व्हायचं. मी तो प्रवास उलटा करतेय. पुस्तकातल्या चौकटी सोडवायच्या, त्यांची पुन्हा काळी-पांढरी पट्टी करायची, संवाद मात्र इंद्रजालचे मराठीच ठेवायचे आणि रोज सकाळी एकच पट्टी वाचायची. हे सगळं फक्त माझ्या वहीपुरतं, कारण हक्क पट्ट्या वितरित करणाऱ्या किंग फीचर्स या अमेरिकी कंपनीचे आहेत.

पहिला प्रश्न असा की, पट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ओळखायचं कसं? थोडी नजर बसली की खुणा दिसायला लागतात. रोजच्या पट्टीची पहिली चौकट कालचं आठवून देते. मँड्रेकचा साथीदार लोथार किंवा पोलीसप्रमुख काहीतरी असं बोलतो, की कालचा पेपर हुकलेल्यालाही धागा सापडावा. शेवटच्या चौकटीत दार उघडतं, सावली पडते, कुणीतरी बंदूक रोखतं. पुस्तकात अशी चौकट पानाच्या मधोमध आली की आपण तिथे थांबतही नाही, पुढे सरकतो. रविवारच्या गोष्टी वेगळ्या चालायच्या आणि त्यांची घडणही निराळी. वरची ओळ काही पेपर जागेअभावी गाळायचे, म्हणून तिथे कथेला अत्यावश्यक असं काही सहसा ठेवत नसत. एखाद्या अंकात सुरुवातीच्या चौकटी उगाच रेंगाळल्यासारख्या वाटल्या, तर ती रविवारची गोष्ट असण्याची शक्यता मोठी. सध्या मी रोजच्याच गोष्टी घेतेय.

स्कॅनिंगबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आधी गंजलेल्या पिना काढा, बोथट सुरीने, दोन्ही टोकं सरळ करून. ओढाल तर मधलं पान फाटलंच म्हणून समजा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांत अडकून जाळी उमटते. ६०० ला स्कॅन करून मग आकार कमी केला की ती बरीच जाते. खरी गंमत रंग काढण्यात आहे. स्कॅन लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन थरांचा म्हणजे चॅनलचा असतो. त्यातला फक्त लाल चॅनल ठेवला तर कागदाचा पिवळेपणा नाहीसा होतो, मँड्रेकच्या झग्याचं लाल अस्तर नाहीसं होतं आणि काळी रेघ स्वच्छ उरते. रात्रीचे प्रसंग मात्र हात टेकायला लावतात. तिथलं निळं आकाश लाल चॅनलमध्ये काळं होऊन रेघेवर बसतं. निळा चॅनल घ्यावा तर जुना पिवळा कागद डागाडागांनी भरून येतो. अशा चौकटी मी दोन्ही चॅनलमधून घेते, आकाश एकातून, माणसं दुसऱ्यातून, आणि सांधा हाताने पुसते. वेळखाऊ आहे, पण रंग उतरल्यावर खालची शाई दिसते तेव्हा मन हरखून जातं. आपण लहानपणी रंगीत पाहिलेली ही चित्रं तिकडच्या रोजच्या वाचकाने काळी-पांढरीच पाहिली होती.

एक जागा मुद्दाम सांगते. मँड्रेक संमोहनाचा इशारा करतो ती. डावीकडच्या चौकटीत हात, बोटं पसरलेली, समोर गुंड पिस्तूल रोखून उभा. पुढच्या चौकटीत त्याच मुठीत साप वळवळतोय आणि गुंडाची बोटं अजून चापावर असल्यासारखी वाकलेली. मध्ये काहीच दाखवलेलं नाही. धूर नाही, ठिणग्या नाहीत, नुसती पांढरी फट. इंद्रजालच्या पानावर या दोन चौकटी वर-खाली आल्यामुळे तो झटका निम्मा झाला होता. पट्टीत त्या शेजारी आल्या आणि मला पहिल्यांदा कळलं की सगळी जादू त्या फटीत आहे. हे ज्याने आखलं त्याला माझा दंडवत.

भाचाही आता माझ्याबरोबर रोजची पट्टी वाचतो. त्याला सगळं एकदम पाहायची सवय, म्हणून पहिले काही दिवस चिडला. आता शाळेत जाताना उद्या काय होईल याचे तर्क लढवतो. चिंटू वाचत मोठ्या झालेल्यांना पट्टीची ओढ समजावून सांगायला नको. १९९१ पासून ‘सकाळ’मधला चिंटू आधी आणि बातम्या मग, असं कितीतरी घरांत होतं. पण चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांची ती पट्टी त्या दिवशी तिथेच पुरी व्हायची, हसलो की झालं. मँड्रेकची पट्टी पुरी न होणं हाच तिचा धर्म. ती माणसाला उद्यापर्यंत बांधून ठेवते.

आणि म्हणूनच तिचा शेवट मला आजही सलतो. ली फॉकने मँड्रेक ११ जून १९३४ ला सुरू केला, म्हणजे त्याच्याच वेताळाच्याही (फँटम) जवळजवळ दोन वर्षं आधी. चित्रं फिल डेव्हिसची. १९६४ च्या अखेरीस डेव्हिस गेला आणि १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्स काढू लागला. १९९९ मध्ये फॉक गेल्यावर लेखनही त्यानेच अंगावर घेतलं. रविवारची पट्टी २००२ च्या अखेरीस थांबली, रोजची चालू राहिली. मग ६ जुलै २०१३ ला फ्रेडरिक्स निवृत्त झाला आणि पट्टी चालू गोष्टीच्या मध्येच बंद पडली. ८ जुलैपासून त्या जागी मँड्रेकचा शत्रू कोब्रा याची १९९५ ची जुनी गोष्ट पुन्हा छापायला घेतली. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाने ब्रश खाली ठेवला यात त्याचा काहीएक दोष नाही. जवळजवळ अर्धं शतक त्याने ही पट्टी ओढली. पण गोष्ट पुरी करायला दुसरा हात नेमायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. वेताळाला फॉकनंतर नवे लेखक मिळाले, नवे चित्रकार मिळाले, म्हणून तो अजून रोज छापून येतो. मँड्रेकचं सगळं एकाच माणसावर राहिलं. एकोणऐंशी वर्षं ‘उद्या पाहा’ म्हणणाऱ्या पट्टीने वाचकाला असं अधांतरी सोडू नये.

पट्टी परत आली तर कशी यावी, यावर आपल्या चाहत्यांत वाद आहेत. काहींना १९३४ चाच थाट हवा. मला नको. टायटन बुक्सने २०१६ मध्ये काढलेला पहिल्या रोजच्या पट्ट्यांचा खंड बघा. डेव्हिसची रेघ डोळे निववते, पण तिथला लोथार बिबट्याचं कातडं गुंडाळलेला, तोडकंमोडकं बोलणारा नोकर आहे, आणि ते वाचताना त्रास होतो. फ्रेडरिक्सच्या हाती आल्यावर त्याचे कपडे बदलले, बोलणं सुधारलं, तो बरोबरीचा मित्र म्हणून उभा राहिला. लोथार हा मुळात राजपुत्र. नवी पट्टी त्या लोथारपासून पुढे जावी. आधी २०१३ ची अपुरी गोष्ट संपवावी, मग हवं ते करावं.

आता पुढचं काम. हातातली गोष्ट निम्म्यावर आलीय. इंद्रजालने काही चौकटी गाळल्यात हे आता नक्की दिसतंय, कारण दोन ठिकाणी पट्टी दोनच चौकटींची उरते आणि संवाद उडी मारतो. तिथे मी काही घालणार नाही, जागा कोरी सोडणार आहे. पावसाळ्यात अंक बाहेर काढायचं बंद केलंय. हवा दमट असली की पानं चिकटतात, शिवाय कसरीची भीती. तोवर झालेल्या स्कॅनची साफसफाई.

होजो असलेले मराठी अंक कुणाकडे असतील तर कळवा. मुखपृष्ठ नसलं तरी चालेल, आतली पानं सलग हवीत. मँड्रेकच्या झनाडू या घरातला हा स्वयंपाकी इंटर-इंटेल या आंतरराष्ट्रीय गुप्तचर संघटनेचा गुप्त प्रमुख निघतो, त्याच्या गोष्टी रोजच्या हप्त्यात कशा लागतात ते मला पाहायचंय. बदल्यात इंद्रजालच्याच बहादूर या नायकाचे काही दुबार अंक आहेत, पिना काढलेले, पानं पूर्ण.