आर्ट पार्कच्या मेंटेनन्ससाठी पैसा उभा करणं: माझा अनुभव

मी ज्या आर्ट पार्कसाठी काम करते ते एक छोटी ना-नफा संस्था चालवते. मोकळी जागा, झाडं, मध्येमध्ये शिल्पं, आणि तिकीट नाही. मी आधी नुसती व्हॉलंटियर होते, शनिवार-रविवार लोकांना माहिती सांगायला जायचे. मग कोणाला तरी कळलं की हिला हिशोब जमतो, झालं, लगेच फंडिंग कमिटीत घेतलं. तेव्हापासून "तिकीट नाही तर चालतं कसं?" हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचं घोडं अडलं होतं ते मेंटेनन्सवर. नवीन शिल्प उभं करायचं म्हटलं की पैसे मिळतात, कारण उद्घाटन होतं, फोटो येतात, खाली पाटी लागते. गवत कापायला, विम्याला, ब्राँझला मेण लावायला कोणाला पाटी नको असते. लग्नाला आहेर करणारे पुष्कळ, पुढचा संसार मात्र आपला आपण करायचा, तसलं हे. हातात पैसा दिसायचा पण तो सगळा ठरावीक कामाला बांधलेला, म्हणजे देणगीदाराने ज्यासाठी दिला त्याच्यासाठीच खर्च करायचा, त्यातून लाइटचं बिलसुद्धा भरता येत नाही. मोकळा पैसा, जो कशालाही वापरता येतो, तो नेहमीच कमी. बाहेरच्या माणसाला बॅलन्स शीट बघून वाटतं यांच्याकडे भरपूर आहे!

तर अशात एका फाउंडेशनची ग्रँट कळली जी मेंटेनन्सला पण चालत होती. हे दुर्मिळ असतं त्यामुळे आम्ही अर्ज करायचाच ठरवलं.

अर्जात एक रकाना होता, तुमच्यासारख्या संस्था कशा टिकतात ते लिहा. मला तो भाग आवडला खरं सांगायचं तर, कारण वाचायला निमित्त मिळालं. न्यूयॉर्क राज्यातलं स्टॉर्म किंग हे शिल्पांचं पार्क १९६० साली सुरू झालं, राल्फ ऑग्डेन आणि पीटर स्टर्न या दोघांनी केलं, त्यांची स्वतःची कंपनी होती, म्हणजे सुरुवातीचा पैसा घरचाच. आज ते जवळपास ५०० एकर आहे आणि तिथे तिकीट आहे, मेंबरशिप आहे. याच्या अगदी उलट सॉक्रेटिस पार्क, तेही न्यूयॉर्कमध्येच पण शहरात नदीकाठी, जिथे लोक कचरा टाकायचे त्या जागेवर १९८६ मध्ये शिल्पकार मार्क दी सुवेरो आणि आजूबाजूच्या लोकांनी मिळून उभं केलं. जागा शहराची, कार्यक्रम संस्थेचे, आणि प्रवेश फुकट. सिएटलचं ऑलिंपिक स्कल्प्चर पार्क २००७ ला उघडलं, आधी तिथे तेल कंपनीचा साठा होता. तिथेही फुकट, पण मागे एक अख्खं म्युझियम उभं आहे आणि जॉन आणि मेरी शर्ली या जोडप्याची ३ कोटी डॉलरची देणगी आहे, हे विसरून चालत नाही. इंग्लंडमधलं यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क, १९७७ चं, तिथे सरकारी आर्ट्स कौन्सिलची ग्रँट आहे, तरी नुसत्या ग्रँटवर भागत नाही, पूर्वी फक्त पार्किंगचे पैसे घ्यायचे, नंतर तिकीट आणलं. आणि बॉस्टनजवळचं डीकॉर्डोव्हा २०१९ मध्ये एका मोठ्या संवर्धन संस्थेतच सामील झालं. हा पण एक मार्ग आहे, आमच्या कमिटीत कोणाला ऐकायला आवडत नाही पण आहे.

यातून मला एवढं कळलं की फुकट प्रवेश म्हणजे फुकट पार्क नव्हे, कोणीतरी भरतंच आहे, फक्त गेटवर नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते कारण ते सगळीकडे कंटाळवाणंच असतं. संस्थेची नोंदणी, ऑडिट झालेले हिशोब, विश्वस्तांची यादी आणि त्यांच्यापैकी कोणाचा कुठल्या कंत्राटात हितसंबंध नाही असं पत्र. एक गोष्ट मात्र आधी बघून ठेवा, जागेचा करार. जमीन आमच्या मालकीची नाही, वापरायला दिलेली आहे, आणि फाउंडेशनने पहिल्यांदा विचारलं ते हेच की करार ग्रँटच्या मुदतीपेक्षा जास्त आहे का. त्यांचं बरोबर आहे, उद्या जागाच गेली तर शिल्पांचं काय करणार?

खरं काम होतं ते प्रत्येक शिल्पाच्या कंडिशन रिपोर्टचं, म्हणजे ते आज कुठल्या अवस्थेत आहे त्याच्या नोंदीचं. एक कॉन्झर्व्हेटर, म्हणजे कलाकृतींचं जतन-दुरुस्ती करणाऱ्या, ताई आल्या होत्या, त्यांच्या मागे वही घेऊन मी. त्या ब्राँझच्या पुतळ्यावर बाटलीतून थोडं पाणी शिंपडायच्या, थेंब गोल गोल उभे राहिले तर मेणाचा थर अजून शाबूत आहे, पाणी पसरलं तर मेण गेलं. खांद्यांवर पसरलं आणि पोटाखाली थेंब राहिले, कारण ऊन-पाऊस-पक्ष्यांची विष्ठा सगळं वरूनच पडतं. मग कॉर्टेन स्टीलचं शिल्प. ते मुद्दाम गंजलेलंच असतं, तो गंजच त्याचं कवच, म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण त्यांनी बुडाशी साचलेली ओली पानं बाजूला केली तर तिथून पापुद्रे सुटत होते. पाणी साचून राहिलं की ते कवच धरतच नाही म्हणे. आणि रंगवलेल्या स्टीलच्या खालच्या कडेला, साधारण घोट्याच्या उंचीवर, चारी बाजूंनी रंगाचे टवके. मला वाटलं पोरांनी दगड मारले असतील. तर ते गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी लागून झालेले! आमच्याच मशीनने. उपाय काय तर शिल्पाभोवती खडीचा पट्टा टाकायचा म्हणजे मशीन जवळ न्यायची गरजच नाही. खडीचा खर्च किरकोळ, पण पुन्हा रंगवायचं म्हटलं तर आधी शिल्पकाराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी, मग तोच रंग तीच शेड, आणि तो खर्च बजेटमध्ये बघून आमचे अध्यक्ष गप्पच झाले.

हा रिपोर्ट जोडला आणि अर्जाचं वजनच बदललं. आधी आम्ही लिहीत होतो "देखभालीसाठी मदत हवी", आता लिहिलं कुठल्या शिल्पाला काय, किती वेळाने, आणि नाही केलं तर काय होईल.

मग फाउंडेशनच्या मॅडम बघायला आल्या. सगळं फिरून झाल्यावर म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण आमचे पैसे संपल्यावर काय करणार?" या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर बाकी फाईल कितीही जाड असो उपयोग नाही. आमचं उत्तर दोन भागात होतं. कॉर्पस सुरू करायचा, म्हणजे मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त त्याचं उत्पन्न मेंटेनन्सला. आणि इथून पुढे जो कोणी शिल्प देईल त्याने त्याच्या देखभालीचा वाटा पण कॉर्पसमध्ये द्यायचा.

ग्रँट मंजूर झाली पण अट घालून, तुम्ही लोकांकडून जितके गोळा कराल तितकेच आम्ही घालू (यालाच मॅचिंग म्हणतात), आणि एकाच मोठ्या चेकवर भागवायचं नाही. मला आधी राग आला होता, पण त्यामुळेच आम्ही "शिल्प दत्तक घ्या" सुरू केलं. रोज फिरायला येणारे लोक, ज्यांना कधी कोणी पैसे मागितलेच नव्हते, त्यांनी छोटी छोटी रक्कम दर महिन्याला लावून दिली. काहींना पैसे नको द्यायचे होते, हात लावायचा होता, ते आता पानं काढायला येतात. (मेण लावायला मात्र प्रशिक्षण दिल्याशिवाय कोणाला बसवायचं नाही हे ताईंनी बजावलंय.)

एका क्रेनवाल्यांनी पैसे नाही दिले, पण काम नसेल त्या दिवशी क्रेन देतो म्हणाले. वस्तू किंवा सेवा रूपात आलेली मदत हिशोबात दाखवता येते, बाजारभावाने किंमत आणि देणाऱ्याचं पत्र लागतं. पण ती मॅचिंगमध्ये धरतील का हे प्रत्येक फाउंडेशनचं वेगळं, ते आधीच लेखी विचारून घ्या. आमच्याकडे क्रेन धरली, व्हॉलंटियरचे तास नाही धरले.

पैसे हप्त्याने येतात. पहिल्या हप्त्याचा हिशोब बिलांसकट आणि आधीचे-नंतरचे फोटो दिल्याशिवाय दुसरा नाही.

मध्यंतरी एक गृहस्थ मोठं शिल्प भेट द्यायला तयार होते, खरंच सुंदर होतं. मी नियम सांगितला, देखभालीचा वाटा पण लागेल. "अहो मी फुकट देतोय आणि वर पैसे पण मीच द्यायचे?" असं म्हणाले, थोडी बोलणी झाली, आणि शेवटी शिल्प दुसरीकडे गेलं. कमिटीतले दोघं त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. असो, दुसऱ्या हप्त्याचा रिपोर्ट महिनाअखेर द्यायचाय आणि मेणाची दोन बिलं अजून कोणाच्या तरी खिशात आहेत, आधी ती शोधते.