तक्रार कुणाकडे करायची?

आमच्या संघटनेच्या नियमावलीत सगळ्यात जास्त वाद झाला तो तक्रारीच्या कलमावर. नावावर एका बैठकीत एकमत झालं, वर्गणीवर थोडी ओढाताण झाली, पण हे एक कलम महिनोन् महिने अडून बसलं होतं. दुभाष्यानं काम नीट केलं नाही, तर ज्या बधिर माणसासाठी तो आला होता त्यानं जायचं कुठे? पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या आम्ही सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांनी मिळून संस्था नोंदवली, त्याचं खरं कारण हा प्रश्न आहे असं मी मानते. आता विदर्भातले आणि खानदेशातले सहकारी विचारतात, तुम्ही कसं केलंत? म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोडा आहे, म्हणजे बधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलगी. बाबा रविवार पेठेत बायंडिंगच्या कारखान्यात होते, आई घरी शिवणकाम करायची. घरातलं सगळं बोलणं, भांडणसुद्धा, हातांनी. बँकेत, रेशनच्या दुकानात, भाडेकराराच्या वेळी घरमालकासमोर मीच मध्ये उभी असायचे. शाळेच्या पालकसभेत बाई माझ्याबद्दल काय म्हणतायत ते आईबाबांना मीच सांगायचे. एका दवाखान्यात डॉक्टरांनी आईच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दलची सगळी माहिती, धोक्यांसकट, माझ्याकडून आईला सांगवून घेतली. मी शाळेच्या गणवेशात होते. त्या खोलीत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आईलाही नाही, कारण दुसरं कोण होतं?

सगळीकडे या कामाची सुरुवात अशीच झाली आहे. मुलं, बहिणी, बधिर शाळेतले शिक्षक, शेजारचे कुणी. अमेरिकेत दुभाष्यांची पहिली राष्ट्रीय नोंदणी संस्था 1964 साली इंडियाना राज्यातल्या मन्सी या गावात, एका शिक्षक महाविद्यालयातल्या कार्यशाळेत जन्माला आली. तोपर्यंत तिथेही हे काम घरचे लोक आणि चर्चमधले पाद्री वेळ मिळेल तसं, बहुतेकदा फुकट करत होते. जागतिक संघटना व्हायला 2003 साल उजाडलं, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये.

आपल्याकडे शिक्षणाची सोय आधी झाली, संघटन मागाहून. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग या श्रवणबाधितांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत सांकेतिक भाषेचे ए, बी, सी असे टप्प्याटप्प्यांचे अभ्यासक्रम चालायचे. आमच्यातले जुने बहुतेक जण तिथूनच शिकून आले. आता दुभाषी होण्यासाठी दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशात 2018 मध्ये तीन हजार शब्द होते, 2021 च्या आवृत्तीत दहा हजार झाले. यातून एक नवी पिढी आली, जिच्या घरात कुणीही बधिर नाही. भाषा आवडली म्हणून शिकलेली मुलं-मुली. त्यांना कामाचे नियम पाठ: मोठ्या कार्यक्रमाला दोघांची जोडी हवी, दर वीस मिनिटांनी अदलाबदल हवी, हात उठून दिसतील असे गडद, साधे कपडे हवेत, आपलं मत मध्ये घालायचं नाही. आम्हा कोडांना भाषा येते, पण असले नियम कुणी शिकवले नव्हते. सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल अढी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘डिप्लोमावाल्यांचे हात ताठ’ असं आम्ही म्हणायचो. ‘कोडा मध्येच सल्ले देतात’ असं ते म्हणायचे. दोन्हींत तथ्य होतं.

दरम्यान कायदा बदलला आणि मागणी एकदम वाढली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग माणसाची साक्ष त्याला सोयीच्या भाषेत आणि माध्यमात नोंदवण्याची व्यवस्था सरकारनं करायची आहे. त्याआधी 2013 च्या दुरुस्तीनं पुरावा कायद्यात आलं होतं की, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीनं घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. लहान मुलांवरच्या अत्याचारांसाठीच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यातही दुभाष्याची तरतूद आहे. कागदावर हे सगळं उत्तम. प्रत्यक्षात तालुक्याच्या ठाण्यातून रात्री फोन यायचा, ‘मॅडम, एक मुकी बाई आहे, लगेच या.’ जायचं कसं, मानधन कोण देणार, आरोपी आणि साक्षीदार दोघेही बधिर असतील तर एकाच दुभाष्यानं दोघांसाठी काम करायचं का, यातलं काही ठरलेलं नसायचं.

इथे जरा थांबून सांगायला हवं. शाळेचं तोंडही न पाहिलेली बधिर बाई गावातून आली, तर तिला भारतीय सांकेतिक भाषा (आयएसएल) येईलच असं नाही. तिच्या खुणा घरच्या असतात: सासूची एक, विहिरीची एक, नवऱ्याच्या मिशीवरून त्याची एक. तिच्याशी बोलायला ऐकू येणारा दुभाषी, कितीही शिकलेला असला तरी, बहुतेकदा अपुरा पडतो. तिथे बधिर दुभाषी लागतो. तो तिच्या खुणा उलगडून आयएसएलमध्ये आणतो, मग मी त्याचं मराठीत व्हॉइसिंग करते, म्हणजे ते बोलून सांगते. प्रश्न याच साखळीनं उलटा तिच्यापर्यंत जातो. वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. साहेब लोक घड्याळ बघतात. ‘बहिऱ्याला दुभाषी म्हणून कशाला आणलं?’ हा प्रश्न मी ऐकलेला आहे. एकट्या माणसानं दरवेळी हे समजावून थकायला होतं. संस्थेच्या लेटरहेडवर आधीच पत्र गेलं की काम सोपं होतं, हा अनुभव आता येतो आहे.

आम्हाला खऱ्या अर्थानं एकत्र आणलं ते 2020 च्या टाळेबंदीनं. तोंडाला मास्क लागले आणि बधिर लोकांची अर्धी भाषा झाकली गेली. आयएसएलमध्ये चेहरा हे व्याकरण आहे. प्रश्न आहे की विधान, हे भुवयांवरून कळतं. रेशन कुठे मिळणार, पास कसा काढायचा, रुग्णालयात नेलेल्या वडिलांचं काय झालं, सगळं विचारायला लोक आम्हाला व्हिडिओ कॉल करत होते. एकाच बातमीचा अर्थ कोल्हापूरची ताई एक सांगतेय आणि मी दुसराच, असं व्हायला लागल्यावर आम्ही रोज रात्री व्हिडिओवर भेटून दिवसभराच्या सूचना एकसारख्या करायला लागलो. वर्षानुवर्षं फक्त नावानं माहीत असलेली माणसं तिथे पहिल्यांदा एकमेकांना दिसली.

प्रत्यक्ष सभा जमली ती नंतर, पुण्यात, एका शाळेच्या वर्गात. बाकं सरकवून खुर्च्या गोलात मांडल्या, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसायला हवेत. पहिला ठराव असा झाला की सभेत आवाज काढायचा नाही. सगळ्यांनी साइनच करायचं, चहाच्या वेळीसुद्धा. दोन ऐकू येणारे दुभाषी कोपऱ्यात मराठीत कुजबुजले की तिथला बधिर माणूस आपोआप बाहेर फेकला जातो, आणि ही सवय आपल्यात खोल रुजलेली आहे. तो ठराव मला अजूनही आमच्या सगळ्या कागदपत्रांपेक्षा मोलाचा वाटतो.

त्या सभेला मी बाबांना नेलं होतं. चर्चा मानधनावर चालली होती. मंचावर तीन तास उभं राहून शाल आणि नारळ घेऊन घरी येणं आम्हा सगळ्यांच्याच वाट्याला आलं होतं, त्यामुळे राग होता आणि तो रास्त होता. बराच वेळ पाहून बाबांनी हात वर केला. त्यांनी विचारलं: ‘तुम्हाला पैसे कमी मिळाले तर तुम्ही संघटनेकडे जाल. तुम्ही माझं बोलणं चुकीचं सांगितलं तर मी कुणाकडे जाऊ? मला तर कळणारही नाही की चुकीचं सांगितलंत.’

गोलातले हात थांबले. मग एकदम सगळेच बोलायला लागले.

विरोध होता, आणि तो वाईट हेतूनं नव्हता. नव्यानं आलेल्या मुलींना भीती होती की एका नाराज माणसाच्या व्हिडिओनं त्यांचं नाव कायमचं खराब होईल. आपल्या समाजात व्हिडिओ पसरायला तास लागत नाही. एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं होतं, आधी पोट भरू द्या, मग चौकशा करा. पण मला बाबांचा प्रश्न टाळता येत नव्हता. डॉक्टर काय म्हणाले, न्यायाधीश काय म्हणाले, हे आमच्या हातांवर विश्वास ठेवून जो माणूस मान्य करतो, त्याच्याइतकं परावलंबी गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे पावणेपाच लाख लोक नोंदले गेले. त्यांना दाद मागायची जागा नसेल, तर आमची संघटना म्हणजे फक्त आमची सोय.

शेवटी ठरलं ते असं. तक्रार व्हिडिओनं, आयएसएलमध्ये करता येईल, लेखी मराठीची सक्ती नाही. समितीत तिघे, त्यातले दोघे बधिर. दुभाष्याची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नाही, आणि निर्णय होईपर्यंत कुणीही काही बाहेर टाकायचं नाही. टाकलं तर ती वेगळी तक्रार. बधिर सभासदांना पूर्ण मताधिकार, कार्यकारिणीत राखीव जागा. अठरा वर्षांखालच्या मुलाला दुभाषी म्हणून उभं केलेलं दिसलं, तर आमच्या सभासदानं तिथे लेखी आक्षेप नोंदवायचा. हे शेवटचं कलम मी मांडलं आणि त्यावर एकही हात विरोधात उठला नाही.

दरपत्रक मात्र आम्ही केलं नाही. सल्ला द्यायला आलेल्या निवृत्त वकीलकाकांनी सांगितलं की संघटनेनं मिळून दर बांधले तर 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 खाली अडचण येऊ शकते. म्हणून आम्ही कामाच्या अटी लिहिल्या: तासाभराहून जास्त काम असेल तर दोघे, विषयाचे कागद आदल्या दिवशी, दुभाष्यावर पुरेसा उजेड, प्रवासखर्च वेगळा. पैसे ज्यानं त्यानं ठरवावेत. गंमत म्हणजे अटी लेखी झाल्यापासून मानधनाची बोलणीही सरळ होतात.

देशपातळीवर संघटना असताना प्रादेशिक कशाला, असंही विचारतात. देशभर आयएसएलचं व्याकरण बरंचसं एक आहे, पण शब्द बदलतात. सोलापूरच्या एखाद्या खुणेवर पुण्यातलेच लोक अडतात, तिथे दिल्लीचं काय! शिवाय काम असतं तालुक्याच्या कोर्टात, जिल्हा रुग्णालयात, आरटीओत. तक्रार करायला माणूस एसटीनं पोचेल एवढ्या अंतरावर संस्था हवी. दिव्यांग कल्याण आयुक्तालयही पुण्यातच आहे, त्याचा पत्रव्यवहाराला उपयोग होतो.

नोंदणीबद्दल थोडक्यात. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि आपल्याकडे सोबत 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. पुण्यात दोन्ही कामं ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात होतात. ज्ञापन, नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, संमतीपत्रं, जागामालकाचं ना-हरकत पत्र. वेळ कागदांना लागला नाही, तो लागला नियमावलीचं कलम न् कलम आयएसएलमध्ये चित्रित करायला. ‘विश्वस्त’, ‘गणपूर्ती’, ‘पोटनियम’ या शब्दांना खुणा ठरवण्यात आमच्या बधिर सदस्यांनी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवल्या. जे समजलं नाही त्यावर सही करणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. इतिवृत्तही आता दोन्ही रूपांत ठेवतो.

सप्टेंबर 2023 मध्ये ॲड. सारा सनी या बधिर वकील दुभाष्याच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, ती बातमी आमच्या गटात दिवसभर फिरत होती. पुण्यातल्या एका बधिर मुलीनं त्या आठवड्यात मला कायद्याच्या प्रवेश परीक्षेबद्दल विचारलं.

आणि हो, पहिली तक्रार आली. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार जरा अडखळला तेव्हा दुभाषी मुलीनं मदत म्हणून स्वतःच उत्तर पूर्ण केलं. नोकरी त्याला मिळाली. तरी त्यानं तक्रार केली: ‘ते उत्तर माझं नव्हतं.’ समितीनं दोघांना समोरासमोर बसवलं. तिनं ऐकून घेतलं, आणि पुढचे काही महिने ज्येष्ठ दुभाष्यासोबतच काम करायचं तिनं मान्य केलं. तक्रार करणारा तो मुलगा आता आमचा सभासद आहे, आणि यंदाच्या सर्वसाधारण सभेत तक्रार समितीच्या जागेसाठी त्यानं अर्ज भरला आहे.

ती सभा या वेळी सोलापूरला घेतोय. विषयपत्रिकेवर पहिला मुद्दा बधिर दुभाष्यांना कोर्टात ऐकू येणाऱ्या दुभाष्याइतकंच मानधन मिळावं, या मागणीच्या पत्राचा आहे. मसुदा तयार आहे, त्याच्या आयएसएल व्हिडिओचं काम सुरू आहे. ज्या जिल्ह्यांत अजून काहीच नाही, तिथल्या सहकाऱ्यांनी निरीक्षक म्हणून जरूर यावं. चहाच्या वेळीही साइनच करावं लागेल, तेवढी तयारी ठेवा.