टक्का सोडा, पाणी कुठवर आलं ते सांगा

जायकवाडी किती टक्के झालं हा आमच्याकडं पावसाळ्यातला राष्ट्रीय प्रश्न असतो. रोज सकाळी व्हॉट्सअॅपला आवक, विसर्ग, टक्का असा मेसेज येतो, अन् दरवाजे उघडले की पैठण रोडला ही गर्दी. त्यात चूक काहीच नाही म्हणा, ज्यांच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं ते नाचणारच. पण माझ्या मामाचं गाव फुगवट्यावर आहे, म्हणजे धरणाचं पाणी मागं जिथवर पसरतं त्या काठावर, गंगापूर तालुक्यात, अन् मामा त्या मेसेजमधला टक्का वाचतच नाही, तो फूट वाचतो. समुद्रसपाटीपासून 1522 फूट म्हणजे भरलं. त्याच्या खाली किती फुटाला कुणाचा बांध उघडा पडतो हे त्याला तोंडपाठ आहे.

कारण नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, परात आहे राव. पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटर, साठा 2909 दलघमी (दशलक्ष घनमीटर), भागाकार करून बघा, सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास येते. त्यामुळं फूटभर पाणी उतरलं तर भिंतीजवळ काही कळत पण नाही, पण इकडं सपाटीला काठ पार लांब पळतो. मग मामाचं सुरू, पाइप वाढव, केबल वाढव, मोटार खाली सरकव. रात्रीतून पाणी सरकलं अन् फुटबॉल, म्हणजे पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप, उघडा पडला की मोटार हवा ओढते, अन् लक्ष नसलं तर जळतेच. एप्रिल-मेमध्ये तर चार-पाच जण मिळून जेसीबीनं चर खोदतात अन् पाणी मोटारीपर्यंत आणतात, त्याचा खर्च कुठल्याच टक्क्यात दिसत नाही.

पण उतरलेलं पाणी सगळंच वाईट नाही. मागं जो गाळ राहतो त्यात गाळपेर होते, हरभरा, ज्वारी, गहू, काही जण टरबूज पण लावतात, ओलीवरच येतं, खत जवळपास लागतच नाही. यात ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचीच पोरं-नातवंडं बरीच आहेत. आता गंमत बघा. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांच्या वर साठा नसला तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणातून पाणी सोडायचं असा नियम आहे, त्यासाठी मराठवाड्यानं आंदोलनं केली, कोर्टात भांडण झालं, 2023 ला तर पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. ते पाणी आपल्या हक्काचंच आहे, पण इतक्या उशिरा पाणी चढलं तर पेरलेला हरभरा जातो कुणाचा, तर काठावरच्याचाच.

पक्ष्यांचं पण तसंच आहे. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे, पण तुडुंब भरलेलं धरण पक्ष्यांना सोयीचं असतंच असं नाही. फ्लेमिंगोला, तुतवारीसारख्या चिखलात चरणाऱ्या लहान पक्ष्याला घोट्याएवढं पाणी अन् चिखल लागतो, तो बुडाला की ते बाजूच्या लहान तलावांकडं जातात. पट्टकादंब हा रानहंस मात्र रात्री गाळपेरीच्या हरभऱ्यात उतरतो, तो हिमालय ओलांडून आलेला पाहुणा असला तरी मामाच्या तोंडून त्याच्यासाठी जे शब्द येतात ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. अन् उन्हाळ्यात नदी सुरय हे पक्षी उघड्या पडलेल्या बेटांवर वाळूत अंडी घालतात, पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं अन् गावातली कुत्री चालत तिथं पोचतात. पाणी एकदम चढलं तरी अंडी गेलीच.

भोई लोकांचं विचारलं तर ते म्हणतात पाणी आटताना महिनाभर मासळी चांगली घावते, मग जाळं बाभळीच्या खुंटात अडकून फाटायला लागतं अन् हाताला चिलापीशिवाय काही लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दरवाजे उघडायच्या आधी धरणाखालच्या गावांना इशारा देतात, चांगलं आहे. फुगवट्यावरच्या माणसाला मात्र पाणी चढणार हे बांधाला पाणी लागल्यावरच कळतं, निदान आमच्या मामाला तरी. वरून कधी, किती सोडणार अन् काठ अंदाजे कुठल्या फुटापर्यंत येणार, हे आठ-दहा दिवस आधी त्याच सकाळच्या मेसेजमध्ये टाका, म्हणजे हरभरा पेरायचा का नाही ते तरी ठरवता येईल.