आधी बोट, मग खडू, पेन्सिल शेवटी

जून उजाडला की पालकांच्या ग्रुपवर गिरवायच्या पानांचा पूर येतो. एका टोकाला मधमाशी, दुसऱ्या टोकाला फूल, मध्ये ठिपक्यांची रेघ. पाठोपाठ प्रश्न: "ताई, रोज किती पानं करून घेऊ?" साडेतीन वर्षांच्या पोराकडून एकही नको, हे माझं ठरलेलं उत्तर. ताटात रवा पसरा आणि त्यात बोट फिरवू द्या.

बालवाडीत आम्ही तेच करतो. आधी उभी रेघ, मग आडवी, मग गोल. तिरकी रेघ बऱ्याच उशिरा येते, त्यामुळे त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास जमला तरी पुष्कळ. माँटेसरीच्या वर्गात मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवतात. आमच्याकडे रवा आहे, आणि नंतर त्याचा शिरा होत नाही एवढंच दुःख.

मग खडू. अख्खा खडू मूल मुठीत धरतं, म्हणून मी तो मोडून पेरभर तुकडाच देते. मुठीत धरला तर टोकच बाहेर येत नाही, मग आपोआप चिमटीत येतो. आणि लिहायचं ते उभ्या फळ्यावर. तिथे खांदा हलतो, मनगट मागे वळतं, जमिनीवर पालथं पडून हे होत नाही.

छापील पानांबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्यांतल्या बहुतेक रेघा इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या तयारीच्या, सरळ आणि तिरक्या. आपल्या पोरांना गिरवायचेत ट, ठ, व, ळ. ट चा अर्धगोल पूर्ण मिटवला की ठ, काठीच्या डावीकडे गोल काढला की व. म्हणून माझा निम्मा वेळ गोलांवरच जातो, तेही घड्याळाच्या उलट दिशेने. काही मुलं सुलट गोल काढतात. गोल दिसतो छानच, पण पुढे व लिहिताना हात अडखळतो. अशा मुलांसाठी मी फरशीवर खडूने रुंद गोल रस्ता आखते, बाण काढते आणि खेळण्यातली गाडी देते. गाडी बाणाच्या विरुद्ध गेली की बाकीची पोरंच "वन वे!" म्हणून ओरडतात. दर आठवड्याला रस्ता थोडा अरुंद करायचा.

डावखुऱ्यांना मी त्यांच्याच हाताने करू देते. यावरून एका आजींशी माझं अजून जमलेलं नाही, "जेवायला बसल्यावर काय करेल?" हा त्यांचा सवाल आहे.