कॅमेरा बघून जनावरं पळत नाहीत का?

मी गोव्यात, सत्तरीतल्या आमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावतो. वाळपईच्या बाजारात असो की लग्नाच्या पंगतीत, त्यावर एक प्रश्न ठरलेला: ‘कॅमेरा बघून जनावरं पळत नाहीत?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. काही बिचकतात, पण बहुतेकांना त्याचं सोयरसुतक नसतं.

कॅमेरा लपलेला आहे, ही आपली समजूत. समोरून ऊबदार अंग हललं की सेन्सर ते टिपतो आणि फोटो निघतो. रात्रीचा उजेड इन्फ्रारेड. काही कॅमेऱ्यांत त्याचे लालसर ठिपके आपल्यालाही दिसतात. यंत्राचा बारीक आवाज जनावराच्या कानाला लागू शकतो, आणि आपल्या हाताचा वास तर पट्ट्यावर असतोच. एका गव्याने हुंगता हुंगता काच अशी ओली केली की पुढच्या सगळ्या फोटोंत नुसतं धुकं. माकडांचं तर नावच काढू नका.

म्हणून डोळे रोखून बघणाऱ्या बिबट्याचा फोटो लोकांना भारी वाटतो, मला तो निम्मा वाया गेलेला वाटतो. त्या क्षणी तो त्याचं काम सोडून माझ्या डब्याकडे बघत असतो. मला हवं असतं ते त्याचं काम.

आमच्या चिऱ्यांच्या गडग्याचंच, म्हणजे दगडी कुंपणाचंच, घ्या. त्यावर रोज सकाळी भिल्लमाडाच्या (ताडासारख्या एका झाडाच्या) बियांनी भरलेली विष्ठा. भिल्लमाडाचं फळ हाताला लागलं तरी खाज सुटते. ते पचवणारा कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण गडगाच का? कॅमेरा तिकडे वळवून ठेवला. उदमांजर सुपारीवरून उतरतं, गडग्यावर चढतं, पुढे जाऊन परत मागे फिरतं, आधीच्या ढिगाचा वास घेतं आणि मग शेजारीच बसतं. कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. उघड्यावर, उंचावर आपली खूण ठेवायची ही त्याची रीतच. (आमच्या आईचा सल्ला: गडगा रोज धू.)

एप्रिल-मेच्या दुपारी मात्र यंत्रावर फार विसंबू नये. हवा अंगाइतकी तापली की सेन्सरला फरक कळत नाही. जनावर येऊन जातं, आपल्याला वाटतं आलंच नाही. पावसात समोर वाढलेलं गवत हललं तरी कार्ड भरतं, तेव्हा कोयता घेऊन जावंच लागतं.

यानंतरचा प्रश्न वाघाचा. म्हादईच्या जंगलात वाघ आहेत. वन खात्याच्या कॅमेऱ्यांत ते आलेले आहेत. पण जानेवारी २०२० मध्ये इथल्याच गोळावली गावात चार वाघ विषाने मेले, हेही सत्तरीत कोणी विसरलेलं नाही. तेव्हा असला फोटो कधी आलाच तर तो आधी वन खात्याकडे जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर, जागेच्या नावासकट, माझ्याकडून तरी मिळणार नाही.