विकत घेतलेला गेम, तरी दार बंद

आज सकाळी पुन्हा 'हाफ-लाइफ ३ येतोय' ही बातमी फिरत होती. 'हाफ-लाइफ २' या गेमचा एपिसोड टू २००७ मध्ये आला, गोष्ट ऐन मोक्याच्या जागी तुटली, तेव्हापासून ही आवई उठतेच आहे. मी दर वेळी विश्वास ठेवतो. आजही ठेवला.

त्याच भरात कपाटातून दुसऱ्याच एका जुन्या गेमची डिस्क काढली. त्याचाही पुढचा भाग येणार म्हणतात. डिस्कवर एक ओरखडा नाही, डब्यात सिरियल नंबरचा स्टिकर तसाच. नंबर टाकला, तर उत्तर आलं: अ‍ॅक्टिव्हेशनची, म्हणजे नंबर टाकून गेम चालू करून घेण्याची, मर्यादा संपली. इतक्या वर्षांत तीनदा कॉम्प्युटर बदलला, दर वेळी एक संधी खर्च झाली. मदतीसाठी दिलेला ईमेल पत्ताही बंद. खूप राग आला. चोरून खेळणाऱ्याला हे नकलेविरुद्धचं कुलूप दिसतच नाही, क्रॅकमध्ये, म्हणजे फोडलेल्या चोरट्या प्रतीत, ते आधीच काढलेलं असतं. अडतो तो पैसे मोजणारा.

'द विचर ३' हा गेम २०१५ पासून जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानात कुलपाशिवाय मिळतो, आणि त्याच्या एकूण ५ कोटींहून जास्त प्रती खपल्यात. मग बाकीच्यांना भीती कसली?

डिस्क टाकवली नाही, परत डब्यात ठेवली. पुढचा भाग आला तर हवाच आहे, पण आधी कुलूप कसलं आहे ते बघेन.