कानांनी 'हो-नाही': पीझेडवरचा उंचवटा अखेर स्पष्ट दिसला

फक्त आवाजाकडे लक्ष देऊन 'हो' किंवा 'नाही' सांगता यावं म्हणून मी ईईजीवर, म्हणजे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत संकेतांवर, प्रयोग करतेय. त्यातली मोठी बातमी आधी सांगते. लक्ष दिलेला आवाज आणि कानाआड केलेला आवाज यांचे सरासरी आलेख आता वेगळे पडतात. आवाजानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांपासून पीझेडवर, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात मध्यरेषेवर बसणाऱ्या इलेक्ट्रोडवर, उंचवटा चढायला लागतो. हाच आपला पी३००: ज्याची वाट पाहत होतो तो आवाज आला की मेंदूत उमटणारा संकेत.

रचना साधीच आहे. दोन्ही कानांत बीपच्या दोन वेगळ्या माळा चालू असतात आणि अधूनमधून एखादा बीप वेगळ्या सुराचा येतो. 'हो' म्हणायचं तर उजवीकडचे वेगळे बीप मनात मोजायचे, 'नाही' म्हणायचं तर डावीकडचे. संकेत नोंदवणारा बोर्ड ओपनबीसीआयचा सायटॉन, ८ चॅनल, सेकंदाला २५० नमुने. रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजायचे तो इलेक्ट्रोड, कानाच्या पाळीला.

खरा फरक पडला तो वेळेच्या जुळणीने. प्रोग्रॅम 'आवाज वाजवला' अशी खूण करतो तेव्हा आवाज अजून साउंड कार्डाच्या बफरमध्येच असतो, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. काही मायक्रोव्होल्टचा उंचवटा असा पुढेमागे सरकला की सरासरीत पसरून सपाट होतो. म्हणून खूण आता आवाजाकडूनच घेते: हेडफोनच्या वायरीला एक फाटा, त्यावर बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, मग ऑप्टोकपलर (विजेचा थेट जोड न ठेवता प्रकाशातून संकेत पुढे देणारा भाग) आणि कपॅसिटर, तिथून थेट आठव्या चॅनलला. २५० नमुन्यांत टोन स्वतः मावत नाही, पण तो कधी सुरू झाला ते ४ मिलिसेकंदांच्या आत कळतं. ऑप्टोकपलर गाळू नका. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेले असताना विजेच्या लाइनशी कसलाही थेट संबंध नको. ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात घेऊ नयेत.

पापणी मिटली की शंभराहून जास्त मायक्रोव्होल्टची उसळी येते, असे तुकडे सरळ टाकून देते.

पडद्यावरच्या अक्षरांचा पी३०० स्पेलर १९८८ पासून आहे आणि तो वेगवानही आहे, मग कानांचा खटाटोप कशाला, असं बरेच जण विचारतात. ज्याला नजर स्थिर ठेवता येत नाही त्याला तो पडदा निरुपयोगी असतो, म्हणून. एएलएसमध्ये, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणाऱ्या आजारात, पुढे डोळ्यांची हालचालही जाऊ शकते. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये अशाच एका रुग्णावरचं काम प्रसिद्ध झालं. मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून येणाऱ्या संकेतांवर एक सूर वर-खाली व्हायचा, तो ऐकत ऐकत त्याने अक्षरं निवडली आणि पूर्ण वाक्यं लिहिली. वेग मिनिटाला जेमतेम एक अक्षर. आपली इलेक्ट्रोडची टोपी आणि ते रोपण यांत फार मोठं अंतर आहे, पण मिनिटाला एक अक्षर हा वेग 'कमी' म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता वर्गीकरण, म्हणजे संकेत पाहून 'हो' की 'नाही' ते ठरवणं. त्यासाठी श्रिंकेज एलडीए ही गणिती पद्धत जुन्या रेकॉर्डिंगवर चालवून पाहतेय. लाइव्ह उत्तर त्यानंतर. शिवाय सलग बीप ऐकून कान शिणतात आणि लक्ष उडतं, त्यामुळे टोनच्या जागी उच्चारलेली छोटी अक्षरं टाकणार आहे. कुणी असे आवाज वापरले असतील तर दोन आवाजांमधलं अंतर किती ठेवलंत ते नक्की कळवा.